झिरपती मडकी

काळ्या जमिनीतली भेग वरून बोटभर रुंद दिसते, पण खाली ती सरळ जात नाही. आधी थोडी वळते, मग निमुळती होते, आणि जिथे संपली असं वाटतं तिथून पुन्हा उघडते. फूटपट्टी आत सोडली तर तिचं खालचं टोक कशालाच टेकत नाही. म्हणून मी पट्टीला सुतळी बांधली होती आणि गोरेगावच्या आमच्या शाळेसमोरच्या उघड्या जमिनीवर गुडघे टेकून ती हळूहळू खाली सोडत होते.

"काय पडलं भेगेत?"

आवाज मागून आला. मी वळले नाही, सुतळी हलली असती.

"काही नाही."

"बांगडी?"

"मी बांगड्या घालत नाही. घड्याळ घालते."

"मग घड्याळ पडलं?"

"खोली मोजतेय."

तो माणूस माझ्या शेजारी उकिडवा बसला. त्याच्या चपलांवर पांढरी माती होती, म्हणजे तो माळावरून आला होता. खिशातून त्याने पोलादी टेप काढली आणि माझ्यासमोर धरली.

"सुतळी ताणते, बाई. माप चुकंल. ही घ्या."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच मला आवडलं नाही. तरी टेप घेतली. ती सळसळत खाली गेली… आणि बरीच खाली गेल्यावर थांबली.

"एवढी मोजून काय करणार?" त्याने विचारलं.

"एवढ्या खोलपर्यंत ऊन पोचतं. मुळं तिथेच सुकतात. इथे बाग करायची आहे, तर ही भेग आधी बुजली पाहिजे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला. हसताना त्याची एक भुवई दुसरीपेक्षा थोडी वर जायची. ही गोष्ट माझ्या नको तितकी लक्षात राहिली.

त्याचं नाव नेमसिंग राठोड. पुसेगावजवळच्या बंजारा तांड्यावरचा. परभणीला शेतीचं शिक्षण घेऊन बांधबंदिस्तीच्या खात्यात लागलेला. मी कमल खंदारे, शाळेत विज्ञान शिकवायची. माझे वडील कोंडीबा हिंगोलीला रेल्वेत गँगमन होते. हिंगोलीतल्या आमच्या वस्तीतून बी. एस्सी. झालेली मी पहिली मुलगी.

बहात्तरच्या दुष्काळात शाळेची बाग जळाली होती. दुष्काळ सरल्यावर मुख्याध्यापक गिरी सरांनी पुन्हा गुलाब आणि हिरवळ लावली, आणि उन्हाळ्यात तीही गेली. तेव्हा मी म्हटलं की सर, बाग मला करू द्या. पुन्हा बहात्तर आलं तरी जगेल अशी, आणि पाऊस कोसळला तरी सडणार नाही अशी. सर म्हणाले, "करा. पण पुढच्या एप्रिलात संस्थेची मंडळी येणार आहेत. तोपर्यंत हिरवी दिसली पाहिजे. न दिसली तर ती जागा सायकलींना देऊ."

नेमसिंग खात्याच्या कामाने गोरेगावातच राहत होते. रविवारी ते पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन यायचे. नळीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की तिथे खुंटी मारायची. अशा खुंट्यांच्या ओळीवर चर खणला तर पाणी वाहून न जाता जागीच मुरतं. या कामात एकमेकांकडे पाहत स्थिर उभं राहावं लागतं. वारा असला तर फार वेळ.

"हलू नका," मी म्हणायचे.

"मी न्हाई हलून राहिलो. पाणी हलून राहिलं."

"हात तुमचा आहे."

"हाताला सांगून पाहतो. ऐकत न्हाई आज."

द्वारकाबाई, शाळेच्या शिपाईणबाई, ओसरीवर तांदूळ निवडल्याचं सोंग करत आमच्याकडे बघत बसायच्या. "बाई, ह्या बांधवाल्या सायबाला आपल्या शाळेचाच उतार सापडला का? बाकी माळ सपाट झाला जनू," असं त्या मोठ्याने विचारायच्या.

बागेचा आराखडा मी काळ्या फळ्यावर काढला. वाऱ्याच्या बाजूला करवंदाचं कुंपण. वर बोर आणि सीताफळ, मध्ये शेवगा, खाली पाणी साचेल तिथे आवळा. शाळेतल्या मुली जेवून हात धुतात ते पाणी चरातून सीताफळांना. सगळ्या जमिनीवर ज्वारीची धसकटं आणि पाल्याचा जाड थर, म्हणजे भेगाच पडणार नाहीत.

"गुलाब एकही न्हाई?" नेमसिंगांनी फळ्याकडे पाहत विचारलं.

"गुलाबाला रोज पाणी लागतं."

"काही माणसांनाही लागतं, बाई."

"तशी माणसं मी लावत नाही."

ते फळ्याकडे वळले. मला वाटलं, लागलं की काय… तर त्यांनी खडू उचलला आणि फळ्याच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या बाहेर, एक छोटं बाभळीचं झाड काढलं. "हिला कुनी पानी घालत न्हाई," ते म्हणाले. "तरी उभी असते."

आषाढात रोपं लावली. श्रावणात एका दुपारी बारीक पाऊस लागून राहिला होता. मी चरात पाणी कुठवर साठतं ते पाहत होते. नेमसिंग माझ्यावर छत्री धरून उभे होते, स्वतः भिजत. पावसाचे थेंब त्यांच्या पापण्यांवर थांबत आणि मग गालावर उतरत. मी चराकडे पाहायला हवं होतं.

"कमलबाई…" ते पहिल्यांदा नावाने बोलले. "मला फिरवून बोलता येत न्हाई. माझ्याशी लग्न कराल का?"

पाणी चरात भरत होतं. माझ्या हातातली काठी मी चिखलात रुतवली, पुन्हा काढली.

"तुमच्या तांड्यावर चालेल?"

"न्हाई चालणार. नायकाच्या पंचायतीपुढं बसावं लागंल. याडीला मी सांगितलंय." आईला ते याडी म्हणत. "ती म्हणली, नायकाशी मी भांडते. पण आधी पोरीच्या तोंडून ऐकू दे. माझ्या लेकराच्या एकट्याच्या हौसेसाठी मी तांड्याशी वैर घेणार न्हाई."

"मला विचार करू द्या."

"करा," ते म्हणाले, आणि छत्री माझ्या हातात देऊन पावसातून निघून गेले.

विचार करण्यासारखं खूप होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी शिकले म्हणून आमच्या वस्तीतल्या आयांनी मुली शाळेत घातल्या होत्या. 'कमलसारखी हो' असं त्यांना घरी सांगायचे. मीच माझ्या मर्जीने समाजाबाहेर लग्न केलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच आया म्हणणार, 'शिकवलं की असं होतं.' आणि त्या मुली घरी बसणार. हे गणित मी पुन्हा पुन्हा मांडत होते. उत्तर हातात आलं की त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. म्हणून मी गप्प राहिले. भाद्रपद गेला, दिवाळी गेली. नेमसिंग यायचे, नळी धरायचे, आणि जाताना एकदा माझ्याकडे पाहायचे. विचारायचे मात्र नाहीत.

त्या वर्षी पाऊस लवकर आटपला. दिवाळीनंतर जमीन आतून कोरडी व्हायला लागली. मी ठरवलं की प्रत्येक रोपाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, त्याच्या बुडाला भोक पाडायचं आणि त्यात कापसाची वात घालायची. आठवड्यातून एकदा मडकं भरलं की वातीतून थेंब थेंब पाणी थेट मुळाशी जातं. उन्हाला त्यातलं काही मिळत नाही. मुलींनी बाजारातून मडकी वाहून आणली. मी बसून एकेकाला भोक पाडलं, मुलींनी ती पुरली. नेमसिंग एकेक मडकं माझ्या हातात देत होते. त्या दिवशी मी फार खुशीत होते. काहीतरी बोलून हसलेही, आणि तेही हसले, पण मडकं देताना त्यांचा हात जरा रेंगाळला. मला वाटलं, त्याचं कारण मी आहे.

द्वारकाबाई तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या. परत आल्या, पुरायच्या राहिलेल्या एका मडक्याच्या बुडातून पाणी गळताना पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

"बाई… हे काय केलंत?"

"काय झालं?"

"भोकाचं मडकं, अन् त्यातून पानी गळून राहिलं. मसनात करतात हे. चितेभवती फिरताना मडक्याला भोक पाडतात. तुमी आमच्या लेकरांच्या हातानं शाळेत मयताची मडकी पुरली, बाई."

मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरी छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हापासून ते विधी होत नाहीत, आणि मसनात बायका जात नाहीत. मी फक्त पाणी, वात आणि माती पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी निम्म्या मुली शाळेत आल्या नाहीत. गिरी सरांच्या खोलीत पालक बसले होते. दारातून मला एकच वाक्य ऐकू आलं, "त्या बाईकडून दुसरं काय होनार?" सर बाहेर आले. "मडकी काढा," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि बाग राहू द्या आता."

दुपारी नेमसिंग आले. मी चराच्या कडेला उभी होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"होतं."

"मी भोकं पाडत होते, आणि तुम्ही मडकी हातात देत होतात."

"व्हय."

"काहून?" रागात माझी घरची भाषा वर आली.

"तुमी खूश होता. कितीतरी दिवसांनी माझ्याशी हसून बोलून राहिल्या होत्या. म्हटलं… आता थांबवलं तर पुन्हा बोलनार न्हाईत. वाटलं, मातीखाली जाईल, कुनाच्या ध्यानात येनार न्हाई."

"गप्प राहणं हाही निर्णयच असतो, राठोड साहेब. तुम्ही माझ्या वतीने निर्णय घेतलात. अन् तोंड मला द्यावं लागतंय."

त्यांचा चेहरा पडला. पण ते हलले नाहीत. "बरोबर आहे," ते म्हणाले. "माझी चूक. पन मग मी श्रावनात विचारलेलं, त्याच्यावर तुमी गप्प आहात. तो कोनता निर्णय समजायचा?"

मी चराच्या कडेची माती पायाने सारखी करत राहिले. ते वाट पाहून निघून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही.

रागावलेलं मन कामाला लावावं लागतं. शिक्षकांच्या खोलीतला पाण्याचा माठ वाळूवर ठेवलेला असे. त्याला भोक नव्हतं, तरी खालची वाळू ओली असायची. हे मी रोज पाहत होते, आणि रोज फक्त पाणी पिऊन जात होते. त्या दिवशी मी ती वाळू बोटाने उकरून पाहिली. मग आमच्या कुंभाराकडून तीन तऱ्हेची मडकी करून घेतली. एक नेहमीसारखं भाजलेलं, एक कमी भाजलेलं, आणि एक चिखलात भुसा मिसळून कमी भाजलेलं. तिन्ही अखंड. पुरली, भरली, झाकली. चार दिवसांनी भोवतालची माती कापून पाहिली. भुशाच्या मडक्याभोवती वीतभर ओल होती, सगळीकडे सारखी. वातीपेक्षा चांगली.

मी सरांना म्हटलं, "पालकांना बोलवा. मी त्यांच्याशी बोलते."

"ते बोलतील ते तुम्हाला ऐकवेल का?"

"ऐकते."

शाळेच्या ओसरीवर माणसं बसली, बायका एका बाजूला. मी एक अखंड मडकं पुढे ठेवलं आणि आधी ज्यासाठी बोलावलं होतं ते बोलले. "मडक्याला भोक पाडलं ते माझ्या हातून झालं. ही रीत आमच्या घरी नाही, म्हणून मला माहीत नव्हती. तुम्हाला विचारायला हवं होतं."

एक म्हातारे काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते म्हणाले, "तुमच्या घरात न्हाई म्हनून गावात न्हाई का?"

"गावात आहे. म्हणून आज विचारतेय. हे अखंड मडकं आहे. तुमच्या माठाला घाम येतो, तसंच यातून पाणी झिरपतं. हे पुरलं तर चालेल का?"

मग आशाबाई नावाची एका मुलीची आई उठली. मडकं उचलून तिने उजेडाकडे धरलं, आतून बाहेरून हात फिरवला. "माठच हाय," ती म्हणाली. "पन ती आधीची तुमी सोता काढा. लेकरांचा हात नको लागायला."

"मीच काढते."

त्या संध्याकाळी मी एकटी कुदळ घेऊन बसले. थोड्या वेळाने पलीकडच्या ओळीत दुसऱ्या कुदळीचा आवाज सुरू झाला. मी मान वर केली नाही. नेमसिंग मडकी काढत होते, भोकातली वात बाजूला करून ती पोत्यात ठेवत होते. काम संपल्यावर त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं.

"पुन्हा असं काही दिसलं, तर लगेच सांगंन," ते म्हणाले. "तुमी रागावला तरी."

"रागावेनच," मी म्हटलं.

"चालंल."

बस एवढंच. पण त्या रात्री मला पुष्कळ दिवसांनी झोप लागली.

नंतर अखंड मडकी पुरली गेली आणि मुली शाळेत परतल्या. एप्रिल आला. माळ पांढरा पडला, झाडांखालची सावली आखडली. शाळेची बाग फार काही डौलदार नव्हती, पण ती जिवंत होती. शेवगा डोक्यावर गेला होता. सीताफळाला नवी पालवी होती. पाल्याचा थर बाजूला करून हात घातला तर खाली गारवा लागायचा. संस्थेची मंडळी आली, शेवग्याखाली उभी राहून चहा प्यायली, आणि जागा सायकलींना गेली नाही. नेमसिंग त्या दिवशी आले नाहीत. द्वारकाबाई म्हणाल्या, "सायबाची बदली झाली म्हनं, किनवटाकडं. सोमवारी चालले."

ते मला त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारावं असा हक्क मी घेतला नव्हता.

रविवारी सकाळी बाबा आले. हिंगोलीहून सेनगाव, तिथून जीपने. डोक्याचा रुमाल झटकून ते चराच्या बांधावर बसले. द्वारकाबाईंनी त्यांना पाणी दिलं. बाबांनी दोन्ही हात जोडून "जय भीम" म्हटलं, आणि त्यांनी, जरा थांबून, "जय भीम, दादा" म्हणत तांब्या पुढे केला.

बाबा बागेकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "कमल, नांदेडवाले परवा तुला बघायला येनार हायेत. पोरगा मास्तर हाय, घर चांगलं हाय. दोनदा त्यांना थांबवलं मी, तू काय बोलंना म्हनून. आता काय सांगू त्यांना?"

मी झारी खाली ठेवली.

"बाबा, वस्तीतल्या मुलींचं काय होईल?"

"कशाचं?"

"मी कुणा दुसऱ्याच समाजातल्या माणसाशी लग्न केलं तर."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गँगमनच्या डोळ्यांना उन्हात लांबचं पाहायची सवय असते. ते डोळे आता जवळचं काहीतरी पाहायला धडपडत होते.

"त्यांच्या आया माझ्याकडं येतील," ते सावकाश म्हणाले. "बोलतील. मला तकलीफ होईल. मुली घरी बसवतील की न्हाई, मला न्हाई माहीत. पन तू मनात नसताना नांदेडला गेली, तर त्याच मुलींना काय शिकवशील?"

फाटक वाजलं. नेमसिंग होते, हातात पाण्याची ती नळी गुंडाळलेली. बाबांना पाहून ते दारातच थांबले.

"बाई, ही नळी ठेवा. पुढच्या पावसाआधी चर पुन्हा पाहावे लागतील." त्यांनी नळी फाटकाला अडकवली. "बाकी काही न्हाई. येतो मी."

ते वळले. त्यांच्या पाठीवर सदरा घामाने चिकटला होता. द्वारकाबाईंचा हात सुपात थांबला. मला ठाऊक होतं की आता मी गप्प राहिले तर तो निर्णयच ठरणार होता, माझ्या तोंडून न निघता झालेला.

"थांबा," मी म्हटलं. "आत या. हे तुमच्यासमोर बोलायचंय."

ते आले. बाबांपासून थोड्या अंतरावर उभे राहिले. द्वारकाबाई ऐकत होत्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत गोरेगाव ऐकणार होतं, आणि उद्या पुसेगावचा तांडा. ऐकू दे.

"बाबा, नांदेडवाल्यांना नाही सांगा. आणि नेमसिंग, तुमच्या याडीला सांगा, पोरीच्या तोंडून ऐकलं म्हणून." मी त्यांच्याकडे वळले. "मी तुमच्याशी लग्न करणार आहे. शाळा सोडणार नाही, वस्तीला अंतर देणार नाही, आणि त्या मुलींच्या घरी जाऊन हे मी स्वतः सांगणार आहे."